चिठ्ठीचा फोटो

२०२३च्या पावसाळ्यात डोळ्यांची साथ आली, तेव्हा मी बीडकडच्या एका ग्रामीण रुग्णालयात नेत्र चिकित्सा अधिकारी होतो. आळंदीच्या बातम्या टीव्हीवर आल्या आणि आमच्या ओपीडीबाहेर काळ्या चष्म्यांची रांग लागली. साथीत तपासायला फार काही नसतं. विषाणूचा आजार, आठ-पंधरा दिवसांत आपोआप बरा होतो. हात धुवा, टॉवेल वेगळा ठेवा. यावर कुणाचंच समाधान होत नाही, लोकांना बाटली लागते. आणि वरच्या कार्यालयाला लागतो रोजचा आकडा.

त्याच रांगेत नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा होता. "सर, ह्याचेबी डोळे आलेत," आई म्हणाली. डोळे लाल होते खरे, पण चिपडं नव्हती. पोरगं सारखं डोळे चोळत होतं. डोळ्याचा पांढरा भाग मळकट, तपकिरी झालेला. वरची पापणी उलटून पाहिली, तर आत मक्याच्या दाण्यांसारखे टपोरे उंचवटे. म्हणजे साथ नव्हेच, ही ॲलर्जी. उन्हाधुळीत भडकते, मुलग्यांना जास्त होते आणि वयात आल्यावर बहुधा ओसरते.

"आधी काय टाकत होता?" आईनं पिशवीतून बाटली काढली. डेक्सामेथासोन, म्हणजे स्टिरॉइड. "तीन वर्सं झाली असतील. लाल झालं की टाकते, लगेच निवळतंय."

मग मात्र रांग थांबवली. स्टिरॉइडचे थेंब फार दिवस टाकले की डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो. दोन्ही डोळ्यांनी तो तक्त्यावर ६/९ वाचत होता, म्हणजे जवळजवळ नॉर्मल. पण काचबिंदू आधी कडेची नजर खातो, तक्ता वाचता येतो म्हणून गाफील राहता येत नाही. दाब मोजायला आमच्याकडे हवेच्या झोताचं यंत्र नाही, मागणी दरवर्षी जाते. आहे तो शिऑट्झ, डोळ्यावर टेकवून दाब मोजायचं जुनं काट्याचं यंत्र. मुलाला टेबलावर उताणं झोपवलं, डोळा बधिर केला, त्याचाच अंगठा त्याच्या तोंडासमोर धरायला लावला आणि सांगितलं, नखाकडेच बघायचं. पापण्या उघडताना डोळ्याच्या गोळ्यावर बोटाचा दाब आला की आकडा खोटा येतो, म्हणून पापणी हाडावर दाबून धरायची. ५.५ ग्रॅमच्या वजनावर काटा जेमतेम १वर गेला. या यंत्रात काटा जितका कमी हलेल तितका डोळा कडक. ७.५ ग्रॅमचं वजन चढवलं, काटा ३वर. यंत्राच्या तक्त्यात पाहिलं: दाब ३५च्या वर. नॉर्मल १० ते २१. मागचा पडदा पाहिला, तर डाव्या डोळ्याच्या नसेतली खोलगट वाटी जवळजवळ कडेपर्यंत पोचलेली, म्हणजे दाबानं नस बरीच खराब झालेली.

मेडिकल ऑफिसरांना बोलावलं. दाब उतरवायला टिमोलॉल द्यायचं म्हणून त्यांनी आधी दम्याचं विचारलं. अशा ॲलर्जीच्या पोरांना दमा असू शकतो आणि दम्यात ते थेंब चालत नाहीत. याला नव्हता. स्टिरॉइड बंद केलं, ॲलर्जीचे साधे थेंब लिहिले आणि जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी दिली. पुढे दाब १८वर आला. नसेचं गेलं ते गेलं.

आईला निष्काळजी म्हणणारे आमच्याकडेच दोघं-तिघं निघाले. मला ते पटत नाही. पहिली चिठ्ठी डोळ्यांच्या डॉक्टरांची होती आणि बरोबर होती: दोन आठवडे, मग दाखवायला या. पण दिवाळीनंतर हे कुटुंब कोयता घेऊन ऊसतोडीला जातं, ते थेट उन्हाळ्यातच परततं. दाखवायचं कुठे? बापाच्या मोबाइलमध्ये चिठ्ठीचा फोटो होता. कारखान्याजवळच्या दुकानात तो दाखवला की बाटली मिळायची. तारीख कुणी वाचली नाही. डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय घेऊ नका सांगणाऱ्या बाटलीवरच्या लाल पट्टीला विचारतो कोण? आणि औषध इतकं गुणकारी की डोळा पांढराशुभ्र व्हायचा, त्यामुळे तपासायला न्यावं असं वाटायला कारणच उरत नव्हतं.

त्या दिवशीच्या आकड्यात हा मुलगा बसला नाही. तक्त्यात रकाना फक्त डोळे आलेल्यांचा.

ऊसतोडीला निघण्याआधी बाप भेटून गेला. मी मोठ्या अक्षरांत कागद लिहून दिला: 'या मुलाला स्टिरॉइडचे थेंब देऊ नयेत.' त्यानं लगेच त्याचा फोटो काढला. जुना फोटो काढून टाका म्हटलं, तर म्हणाला, "असू द्या सर, कधी कामाला येईल."