काळी चारचा गंधार

परवा आईने परत तोच प्रश्न विचारला. अरे तुझा ट्रम्पेट काय आणि हा फ्लुगेलहॉर्न काय, दोन्ही पितळीच, दोन्हीला तीनच बटणं, सूरही तेच निघतात, मग दुसरं घेतलंस कशाला? मी दरवेळी काहीतरी अर्धवट उत्तर देतो आणि विषय तिथेच राहतो, म्हणून म्हटलं यावेळी नीट लिहूनच काढावं. आणि खरं सांगायचं तर याचं उत्तर मला आईमुळेच सापडलंय, ते पुढे येईलच.

मी सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात हिशोब बघतो. संगीताचं शिक्षण वगैरे काही नाही. पण लहानपणापासून गड्ड्याच्या यात्रेला उत्तर कसब्यात गर्दीत उभं राहायचं, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, ते उंचच उंच नंदीध्वज, हलग्या आणि मागून येणारा बँड, त्यातला ट्रम्पेट एकदम छातीत घुसायचा. बाकीचा गोंगाट एकीकडे आणि तो एक आवाज एकीकडे. घरी वडील सी. रामचंद्रांची गाणी लावायचे, त्यातही तोच आवाज, पण तिथे तो मिरवणुकीतल्यासारखा ओरडत नव्हता, हसत होता. खूप नंतर कळलं की मुंबईच्या स्टुडिओत तेव्हा गोव्याचे वादक असायचे आणि सी. रामचंद्रांबरोबर काम केलेले ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट म्हणजे अँटोनियो झेवियर वाझ. एवढ्या साध्या तीन पिस्टनच्या (म्हणजे आईची ती बटणं) नळीतून दोन इतक्या वेगळ्या गोष्टी कशा निघतात हे कुतूहल तेव्हापासून डोक्यात आहे.

पहिला ट्रम्पेट चौतिसाव्या वर्षी घेतला, जुना, वरातीत वाजवणाऱ्या एका काकांचा. काकांचे पुढचे दोन दात पडले आणि त्यांचं वाजवणं थांबलं, कारण माउथपीसचा, म्हणजे ओठांना लावायच्या तुकड्याचा, सगळा भार ओठांमागे असलेल्या दातांवर असतो, ते गेले की पकड जाते. मेरठच्या बनावटीचा होता. तिकडे जली कोठी नावाच्या भागात बँडची वाद्यं बनतात आणि तिथली वाद्यं आपल्याकडे गावोगावच्या बँडमध्ये दिसतात. काकांनी मला पहिला महिनाभर ट्रम्पेटला हात लावू दिला नाही, नुसता माउथपीस हातात, त्यावर ओठ थरथरवून सा लावायचा, गाल फुगवायचे नाहीत, आणि मान उचलायची नाही. मी कारखान्यातून घरी येताना गाडी बाजूला लावून रस्त्यावर ते करायचो.

त्या ट्रम्पेटचे पिस्टन झिजलेले होते, हे मला फार उशिरा कळलं. मी समजायचो माझा श्वास कमी पडतोय. ज्यांना जुना घ्यायचाय त्यांच्यासाठी सांगतो, एक सोपी परीक्षा आहे. पिस्टनला तेल घाला, तो न दाबता त्याची नळी झटकन बाहेर ओढा, ‘टप्’ असा बुच निघाल्यासारखा आवाज आला तर हवा अडतेय, पिस्टन चांगला. काहीच आवाज नाही आला तर हवा बाजूने निसटतेय. माझ्या तिन्ही पिस्टनला काही आवाज नव्हता. तरी त्याच्यावर मी दोन वर्षं काढली, आणि बेलला, म्हणजे पुढच्या पसरट तोंडाला, आलेला मोठा पोचा भांड्यांचे पोचे काढून देणाऱ्या एका मामांनी इतका सुंदर काढला की आजही बोट फिरवल्याशिवाय कळत नाही. एका जोडाला डागही त्यांनीच दिला. शेवटी बोनसच्या पैशात नवा, सुरुवातीच्या वादकांसाठीचा यामाहा घेतला, पहिला सा लावला आणि डोळ्यात पाणी आलं, कारण तो सा एवढा सहज आला.

आता आपल्या भाषेत सांगतो हे वाद्य कसं चालतं, कारण मला हे कुणी आपल्या भाषेत सांगितलं असतं तर माझं एक वर्ष वाचलं असतं. नेहमीचा ट्रम्पेट बी फ्लॅटचा असतो, म्हणजे एकही पिस्टन न दाबता जो सा येतो तो हार्मोनियमची काळी पाच, म्हणजे सप्तकातली पाचवी काळी पट्टी. नळी सरळ केली तर जवळपास दीड मीटर भरते. काही न दाबता फक्त ओठ आवळत गेलं की सा, पंचम, वरचा सा, मग गंधार, पंचम असे ठराविकच सूर येतात, बिगुलावर येतात तेच. मधल्या जागा भरायला पिस्टन. पिस्टन दाबला की हवा एका जादा नळीतून फिरून येते आणि सूर उतरतो, चढत कधीच नाही. दुसरा दाबला की अर्धा सूर खाली, पहिला दाबला की एक सूर, तिसरा दाबला की दीड.

इथे एक गडबड आहे आणि हिशोबवाला माणूस असल्यामुळे मला ती लगेच पटली. अर्धा सूर उतरायला नळी साधारण ६ टक्के वाढवावी लागते, एक सुराला १२ टक्के, दीड सुराला १९ टक्के. पण पहिला आणि तिसरा एकत्र दाबले तर नळी १२ आणि १९ मिळून ३१ टक्के वाढते, आणि अडीच सूर उतरायला पाहिजेत साडेतेहतीस टक्के. टक्क्यावर टक्का लागायला पाहिजे तो लागतच नाही. नळी तेवढी आखूड पडते, म्हणून सूर चढा येतो. तिन्ही दाबले तर अजूनच चढा. हा कुठल्या कंपनीचा दोष नाही, १८३९ मध्ये पॅरिसच्या पेरिनेने आजच्यासारखा पिस्टन बनवला तेव्हापासूनचं गणितच असं आहे. म्हणून तिसऱ्या पिस्टनच्या नळीला बोट अडकवायला एक कडी असते, तो सूर वाजवताना डाव्या हाताच्या बोटाने नळी जराशी बाहेर ढकलायची. मी सुरुवातीची तीन वर्षं ती कडी वाद्य धरण्यासाठी आहे असंच समजत होतो.

सोलापुरात अजून एक गोष्ट, ऊन. एप्रिल-मेमध्ये पारा ४३-४४ ला जातो तेव्हा गच्चीवर संध्याकाळी सहाला वाजवायला बसलं तरी वाद्य तापलेलं असतं, आणि हवा तापली की आवाजाचा वेग वाढतो, सूर चढतो. तंबोऱ्याचं अॅप आणि माझा सा वेगळे. मुख्य नळी बाहेर ओढून ओढून घ्यावी लागते. जानेवारीत पहाटे वाजवा, बरोब्बर उलटं. आणि धूळ. पिस्टनमध्ये धुळीचा एक कण गेला तरी तो अडकतो, म्हणून महिन्यातून एकदा तरी कोमट पाण्यात साबण घालून ट्रम्पेटला अंघोळ घालायची. आमच्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड येतं, त्यामुळे पाणी येतं त्या दिवशी भांडी, कपडे आणि ट्रम्पेट असा क्रम ठरलेला आहे, आणि बायकोने त्याला कधी नाही म्हटलं नाही याचं मला फार अप्रूप आहे.

फ्लुगेलहॉर्न मी आधी ऐकला, नंतर बघितला. रात्री उशिरा हेडफोन लावून आर्ट फार्मर ऐकत होतो, वाटलं हा कुठला ट्रम्पेट, असा लोकरीसारखा आवाज. शोधलं तेव्हा कळलं की हा अमेरिकन वादक १९६० च्या दशकात ट्रम्पेट बाजूला ठेवून फ्लुगेलहॉर्नकडेच वळला होता. पुढे डेव्हिड मोनेट नावाच्या कारागिराने त्याच्यासाठी दोन्हींच्या मधलं ‘फ्लम्पेट’ बनवलं. म्हणजे आईचा प्रश्न त्यालाही पडला असणार, आणि त्याने एकात दोन्ही मागून घेतलं.

फरक असा की लांबी तीच, पट्टी तीच, बोटं तीच, पण ट्रम्पेटची नळी बराच वेळ एकसारख्या जाडीची जाते आणि शेवटी उघडते, फ्लुगेलहॉर्नची मात्र जवळजवळ सुरुवातीपासूनच रुंदावत जाते आणि बेलही मोठा. ट्रम्पेटचा माउथपीस वाटीसारखा, याचा खोल, नरसाळ्यासारखा. सुराला धार देणारे वरचे बारीक स्वर त्यामुळे कमी होतात, मधला गर राहतो. ट्रम्पेट म्हणजे सकाळचं कडक ऊन म्हटलं तर हा संध्याकाळी सिद्धेश्वर तलावावर पडतं ते ऊन. मला यापेक्षा बरं सांगता येत नाही.

मागवला ऑनलाइन. वाद्य बरं होतं, माउथपीस मात्र यथातथाच, म्हणून दुसरा वेगळा मागवला आणि तो बसेचना, नळीत नुसता डुगडुगायचा. चार दिवस मी कागदाची पट्टी गुंडाळून चालवलं, त्यातून हवा जायची. मग आमच्या कारखान्याशेजारच्या लेथवाल्या काकांकडे दोन्ही घेऊन गेलो. त्यांनी व्हर्नियर लावला, वर बघितलं आणि म्हणाले, ‘‘अरे हा तर मोर्स टेपर आहे की, ड्रिलच्या सॉकेटला असतो तसला. तुझा एक मोठा, एक बारका.’’ मी थक्क झालो. घरी येऊन वाचलं तर खरंच, फ्लुगेलहॉर्नच्या माउथपीसचे दांडे प्रामुख्याने तीन जातींचे असतात, छोटा मोर्स, मोठा मोर्स आणि फ्रेंच पद्धतीचा. वादकांच्या जगात हे सगळ्यांना माहीत असणार, मला मात्र ते लेथवर कळलं. बरोबर मापाचा माउथपीस आला आणि वाद्य एकदम शहाणं झालं.

मला वाटलं होतं मऊ आवाजाचं वाद्य म्हणजे वाजवायला सोपं. तसं काही नाही. ट्रम्पेटचा सूर त्याच्या जागेवर घट्ट असतो, तुम्ही जरा इकडेतिकडे झालात तरी तो तुम्हाला धरून ठेवतो. फ्लुगेलहॉर्नचा सूर सैल, ओठ जरा ढिला पडला की उतरला, जरा आवळला की चढला. वर जाऊ तसं अजून अवघड, तार सप्तकात पंचमाच्या पुढे मी जातच नाही. दोन महिने मी बेसूरच वाजवत होतो. सरावाची जागा म्हणजे सुट्टीच्या दिवशीचं लूमचं शेड. रोज जिथे खटखटीत शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही तिथे सगळे माग बंद, पत्र्याचं छप्पर, सूत पसरलेलं, आणि त्यात एक लांब सा सोडला की तो पत्र्यावरून परत येतो, आपली चूक आपल्यालाच परत ऐकवतो. मालकांनी किल्ली दिली, वर म्हणाले, ‘‘वाजवा ओ, मशीन काय तक्रार करणार नाहीत.’’

आता आई. आई पन्नास वर्षं भजनी मंडळात गाते. काळी चारला तिचा सा, बायकांचा असतो तसा खालच्या सप्तकातला. एका एकादशीला संध्याकाळी ती देवापुढे अभंग म्हणत होती, मी म्हटलं मी साथ करतो आणि ट्रम्पेट घेतला. काळी चारचा सा म्हणजे माझ्या वाद्यावर अगदी तळाशी, पहिल्या पिस्टनवर. तळाला ट्रम्पेट पातळ वाजतो. हळू वाजवलं तर घरघर, जोरात वाजवलं तर आईचा आवाज बुडतो. दोन ओळींत तिने हात वर केला, थांब म्हणाली. मग फ्लुगेलहॉर्न घेतला आणि तेच सूर, तीच बोटं, पण आईच्या आवाजाखाली जणू कुणीतरी घोंगडी अंथरली. तिने डोळे मिटले आणि पूर्ण कडवं म्हणाली. ट्रम्पेट जिथे सगळ्यात गरीब तिथेच फ्लुगेलहॉर्न सगळ्यात श्रीमंत, आणि आईचा आवाज बरोब्बर तिथेच आहे. माझ्यापुरतं दुसरं वाद्य घेण्याचं कारण हे.

पण कडवं संपल्यावर ती म्हणाली, ‘‘छान आहे रे, पण तुझा गंधार चढतोय.’’

मी पिस्टन बघितले. काळी चारचा शुद्ध गंधार, पहिला आणि तिसरा. टक्क्याचं ते सगळं गणित, पेरिने, साडेतेहतीस टक्के, यातलं आईला काहीही माहीत नाही, तिने नुसत्या कानाने अडीच टक्के पकडले. माझ्या फ्लुगेलहॉर्नच्या तिसऱ्या नळीला खटका आहे, डाव्या हाताने दाबला की नळी बाहेर सरकते. तो मी तोपर्यंत वापरतच नव्हतो. पुढचे कितीतरी दिवस मी शेडमध्ये फक्त सा-रे-ग करत बसलो, गंधाराला खटका, मध्यमाला सोडायचा, परत येताना परत खटका. हाताला सवय लागली. खालचा पंचम मात्र तिच्या पट्टीत या वाद्यावर नाहीच, नळी तेवढी लांबच नाही, तिथे मी थांबतो आणि ती एकटी खाली जाते. चार पिस्टनचे फ्लुगेलहॉर्न मिळतात, चौथा एकटाच अडीच सूर उतरवतो, म्हणजे गंधारही नीट आणि खालचा पंचमही हाताशी. किंमत बघून ठेवली आहे.

या पावसाळ्यापासून आईचा घसा जरा बसतो, डॉक्टरांनी ताण देऊ नका म्हटलंय, म्हणून तिने पट्टी काळी तीनवर आणली. गंधार आता एकही पिस्टन न दाबता येतो, अगदी मोकळा. पण मध्यमाला तिन्ही पिस्टन लागतात, सगळ्यात चढा सूर तोच, आणि खटका पूर्ण बाहेर काढूनसुद्धा थोडा ओठाने उतरवावा लागतो. काल वाजवलं तेव्हा तिने काही म्हटलं नाही, फक्त मध्यमावर माझ्याकडे बघितलं. रविवारी शेडची किल्ली घेतली आहे.