तुम्ही विचारलंत म्हणून: बंद घरं असताना नवी कशाला?

“कोकणात वाडीवाडीला घरं कुलूपबंद पडलीत, आणि तुम्ही एसटी स्टँडवर नवी बांधा म्हणता?” स्टँडच्या जमिनीवर नोकरदारांसाठी भाड्याची घरं बांधा, असा अर्ज मी लिहिलाय, तेव्हापासून चिपळुणात कुणीही भेटलं की मला हेच विचारतं. प्रश्न रास्त आहे.

माझ्या माहेरचंच घर घ्या. जांभ्याच्या भिंती, पडवी, पुढे खळं. उघडतं फक्त गणपतीत आणि शिमग्यात. सातबारावर २१ नावं, निम्मी मुंबईला. भाड्याने द्यायचं तर सह्या कुणाकुणाच्या आणायच्या? दिलंच, तरी राहणारा कामावर जाणार कसा? मी नर्स होते तेव्हा दुसरी पाळी रात्री नऊला सुटायची. आमच्या वाडीची शेवटची एसटी साडेसातलाच गेलेली असायची. हक्काचं घर असून मी बाजारपेठेमागे एका खोलीचं भाडं भरत राहिले. आज माझ्या जागी असलेल्या मुलीही तेच करतात, फक्त पगाराचा आणखी मोठा घास भाड्यात जातो.

म्हणून मी एसटीची जमीन मागते. स्टँड गावाच्या मधोमध असतो आणि वर नुसतं आभाळ. हिशेब साधा आहे: एक एकर म्हणजे साधारण ४,००० चौरस मीटर. त्यातल्या चौथ्या भागावर चार मजले चढवले, एका घराला ३० चौरस मीटर चटई क्षेत्र आणि भिंती-जिन्याचे आणखी १० धरले, तर १०० घरं होतात. बाकी तीन हिस्से गाड्यांना मोकळे. तळमजल्यावर घर नकोच. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदी बाजारपेठेत शिरली ते आम्ही विसरलेलो नाही. खाली फलाट, वर माणसं. छपरावरचं पावसाचं पाणी साठवायला टाकी मात्र पहिल्याच नकाशात हवी. एप्रिल-मेमधली पाण्याची टंचाई इथल्या बायकांना विचारा.

रेल्वे स्टेशनाजवळ का नाही? तिथेही बांधावं. पण चिपळूणचं स्टेशन गावाबाहेर वालोप्याला, रत्नागिरीचंही शहराबाहेर कुवारबावला. तिथून रोजच्या रिक्षाचं भाडं घरभाड्यात मिळवा आणि मग बोलू. म्हाडाच्या कोकण मंडळाची सोडत निघते खरी, पण घरं बहुतेक ठाणे, वसई-विरारकडची. नावातलं कोकण आमच्यापर्यंत फार थोडं पोचतं.

एका गोष्टीवर मी अडून बसते: घरं विकायची नाहीत. विकली की सुट्टीपुरती येणारी माणसं ती घेतील आणि आणखी १०० कुलपं लागतील. जमीन एसटीचीच राहू दे, घरं भाड्याची, भाडं पगाराच्या मानाने. नोकरी सुटली की घर पुढच्याला.

माझ्या अर्जात पहिली वीस घरं रात्रपाळीच्या नर्सना आणि पहाटेची पहिली गाडी काढणाऱ्या चालक-वाहकांना मागितली आहेत. तुम्हाला आणखी कुणाची नावं सुचत असतील तर सांगा, अर्ज अजून माझ्याकडेच आहे.