तिचे केस कोण विंचरतं?

"मावशी, मग तिला स्वतःचे केस विंचरता येत नसतील ना गं?"

भाचीला रात्री सेडनाची गोष्ट सांगत होते. आर्क्टिकच्या बर्फाळ प्रदेशात राहणाऱ्या इनुइट लोकांची ही समुद्रदेवी. बापानेच तिला होडीतून ढकललं, कडेला घट्ट धरलेली तिची बोटं तोडली. त्या बोटांचे सील, वॉलरस, देवमासे झाले. इथेच भाचीने मला अडवलं, स्वतःच्या बोटांकडे बघत.

आणि गोष्ट पुढे नेमकी तिथेच जाते! माणसं नियम मोडतात, त्याची घाण तिच्या केसांत बसते, प्राणी त्या गुंत्यात अडकतात, शिकार मिळेनाशी होते. मग शामानाला, म्हणजे आत्म्यांशी बोलणाऱ्या मांत्रिकाला, समुद्राच्या तळाशी जाऊन तिचे केस विंचरावे लागतात.

ग्रीकांची धान्यदेवी डिमीटरही लेकीसाठी शोक करते, तेव्हा जमिनीत दाणा रुजत नाही. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातल्या पाचामामाचं, म्हणजे धरणीमातेचं, नाव तर इक्वेडोर देशाच्या २००८ च्या संविधानात आहे, निसर्गाच्या हक्कांसकट.

पण माझ्या मनातून तो कंगवा काही जात नाही. रुसलेल्या देवीच्या मागे बसून एकेक बट सोडवायची, किती मायेचं काम आहे हे.

झोपता झोपता भाची पुटपुटली, "आता कोण जातं गं खाली?"