अकरा अंशांच्या पाण्यात

मार्च महिन्यातल्या एका सोमवारी आमच्या कारखान्यात टपालाने एक जाड लिफाफा आला. त्यात दोन पारदर्शक पिशव्या होत्या आणि दोन्हींमध्ये आम्हीच बनवलेले एकाच साच्यातले, एकाच ‘ग्रीन पम्पकिन’ रंगाचे मऊ प्लास्टिकचे आमिष होते. एका पिशवीवर शाईने ‘जुने’ आणि दुसरीवर ‘नवे’ असे लिहिलेले होते. सोबतच्या चिठ्ठीत एवढेच होते की जुने पाण्यात जिवंत असते आणि नवे मेलेले असते. पाठवणारे गृहस्थ टेक्ससमधल्या लेक फोर्क या जलाशयावर वीस वर्षांहून अधिक काळ बास हा गोड्या पाण्यातला शिकारी मासा पकडणाऱ्या हौशी लोकांना नावेतून नेणारे गाइड होते आणि आमचे प्रत्येक नवे आमिष बाजारात जाण्यापूर्वी त्यांच्या हाताखालून जात असे. त्यामुळे ही तक्रार बाजूला ठेवण्यासारखी नव्हती.

मी पूर्व टेक्ससमधल्या एका लहान कारखान्यात पॉलिमर अभियंता म्हणून काम करते. माझे बालपण देवगडजवळ खाडीकाठी गेले आणि काकांबरोबर कोळंबीचा तुकडा लावून गरवायला बसणे मला लहानपणापासून ठाऊक होते. परंतु माशाच्या आमिषासाठी प्लास्टिक शिजवणे हा आपला व्यवसाय होईल, असे मुंबईत पॉलिमरचे शिक्षण घेताना कधी वाटले नव्हते. हा व्यवसाय तसा जुना आहे. निक क्रीम यांनी १९४९ मध्ये ओहायो राज्यातल्या अॅक्रन येथे प्लास्टिकचे पहिले मऊ गांडूळ तयार केले आणि पुढे त्यांचा उद्योग टेक्ससमधल्या टायलर येथे आला. आजही मूळ पदार्थ तोच आहे: पीव्हीसीची बारीक भुकटी प्लास्टिसायझर नावाच्या तेलकट द्रवात मिसळून केलेले, दुधासारखे दिसणारे प्लास्टिसोल. ते सुमारे १७५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवले की पारदर्शक होते, त्यात रंग, चमकी आणि वजनासाठी मीठ घालून ते अॅल्युमिनियमच्या साच्यात दाबाने भरले जाते आणि थंड झाल्यावर बोटांत लवणारे आमिष हाती येते.

ज्याला ‘क्रीचर बेट’ म्हणतात ते आमिष कोणत्याही एका प्राण्याची प्रतिकृती नसते. त्यात थोडा क्रेफिश, म्हणजे गोड्या पाण्यातला नांग्या असलेला कोळंबीसारखा प्राणी असतो, थोडा सरडा असतो, थोडा पाण्यातला किडा असतो, आणि झाडाझुडपांच्या गर्दीत दबा धरून बसलेल्या बासला ‘हे खाण्यासारखे आहे’ एवढेच पटवणे हे त्याचे काम असते. आम्ही असे तीन आकार बनवत होतो. पहिला लांब आणि पुष्कळ अवयवांचा, म्हणजे आमिषे बनवणाऱ्या झूम कंपनीच्या ‘ब्रश हॉग’ने लोकप्रिय केलेल्या धर्तीचा, त्याचे पंख, पाय आणि शेपट्या मिळून बरेच पाणी ढवळतात आणि तळावरून सावकाश ओढताना तो शोभतो, पण दाट फांद्यांत तो अडकत-अडकत खाली जातो. दुसरा आखूड आणि चपटा, ‘स्वीट बीव्हर’ नावाच्या आमिषाच्या कुळातला, त्याला पसरलेले अवयव जवळजवळ नसतात, म्हणून तो गवताच्या जाळीतून किंवा फांद्यांच्या गुंत्यातून सरळ खाली घुसतो आणि त्याची हालचाल मुख्यतः गरवणाऱ्याच्या मनगटातून येते. तिसरा आखूड अंगाचा, पण मागे दोन रुंद नांग्या असलेला. त्याच्या नांगीच्या कडेला जाड किनार असते आणि अंगाशी जोडणारा भाग पातळ पापुद्र्यासारखा असतो. आमिष खाली जाऊ लागले की पाणी किनारीवर दाबते, पापुद्रा वाकतो, नांगी सुटते आणि पुन्हा वाकते. संकटात सापडलेला क्रेफिश नांग्या उगारतो, तसे काहीसे हे दिसते. लिफाफ्यातली तक्रार फक्त या तिसऱ्या आकाराबद्दल होती, आणि हा सर्वांत महत्त्वाचा धागा पहिल्या दोन दिवसांत माझ्या लक्षात आला नाही.

त्या दोन दिवसांत मी नियमाप्रमाणे सर्व तपासण्या केल्या. वजन सारखे होते. शोअर मापनपट्टीवर मऊपणा सारखा होता. ताणून तोडल्यावर मिळालेले आकडे एकमेकांना लागून होते. काचेच्या टाकीत दोन्ही आमिषे समान वेगाने ओढली, तेव्हा दोन्हींच्या नांग्या सारख्याच फडफडल्या. ‘उत्पादन ठरलेल्या निकषांनुसार आहे’ अशा अर्थाच्या उत्तराचा मसुदाही मी लिहून ठेवला होता. कारखान्याच्या मालकांनी तो वाचला, काही न बोलता परत दिला आणि उद्या नावेत जाऊन या, असे सांगितले. मला ते तेव्हा थोडे लागले; आकडे माझ्या बाजूने होते.

लेक फोर्क हा सबीन नदीच्या एका उपनदीवर १९८० मध्ये धरण पूर्ण झाल्यावर तयार झालेला जलाशय आहे. पाणी अडवताना झाडे मोठ्या प्रमाणावर तशीच उभी ठेवली गेली, त्यामुळे आजही पाण्यातून मेलेल्या खोडांची राने वर आलेली दिसतात आणि त्या खोडांच्या बुंध्याशी मोठे बास राहतात. टेक्सस राज्याचा १८.१८ पौंडांचा लार्जमाउथ बासचा विक्रम याच पाण्यातला, १९९२ चा आहे. तो मासा क्रॅपी नावाच्या छोट्या माशासाठी लावलेल्या जिवंत मासोळीवर लागला होता, ही गोष्ट प्लास्टिकची आमिषे बनवणाऱ्या आम्हा लोकांना गाइड वारंवार ऐकवतात.

आम्ही निघालो त्या सकाळी आदल्या रात्रीच्या उत्तरेकडच्या थंड वाऱ्याने आभाळ धुतल्यासारखे स्वच्छ झाले होते. नावेवरचे मापक पाण्याचे तापमान ११ अंश दाखवत होते. बास साधारणपणे पाणी १६ अंशांच्या वर गेल्यावर अंडी घालायला उथळ पाण्यात येतात. त्याआधीच्या आठवड्यांत ते ओढ्यांच्या मुखांशी घुटमळतात, आणि अशी थंडीची लाट आली की खोडाला चिकटून बसतात व फार लांब आमिषाचा पाठलाग करत नाहीत. अशा वेळी आमिष खोडाशेजारून उभे खाली सोडावे लागते आणि घेणारा मासा बहुधा ते खाली जात असतानाच किंवा तळाला टेकल्यानंतरच्या काही क्षणांतच घेतो. म्हणजे या खेळात आमिषाच्या वाट्याला फार तर तीन-चार सेकंद येतात. गाइडांनी टेक्सस रिग बांधली: पुढे गोळीच्या आकाराचे तीन-अष्टमांश औंसाचे टंगस्टनचे वजन, त्यामागे रुंद वाकाचा ४/० आकाराचा गळ, आणि गळाचे टोक आमिषाच्या अंगात लपवलेले, जेणेकरून ते फांदीत रुतू नये.

पहिला तासभर आम्ही आकारांची तुलना केली. चपटे आमिष जुने असो वा नवे, सारखेच काम करत होते. दोन्हींवर एकेक मासा लागला आणि गाइडांनाही त्यात फरक जाणवला नाही. लांब आमिषाच्या नव्या नगाच्या शेपट्या त्यांना किंचित आखडल्यासारख्या वाटल्या, परंतु अवयव इतके होते की काहीतरी हलतच होते. नांग्यांच्या आमिषाकडे येईपर्यंत दहा वाजून गेले होते. पिशवी नावेच्या काळ्या गालिच्यावर उन्हात पडलेली होती. त्यातला एक नवा नग काढून त्यांनी माझ्यासमोर नावेला लागून, जेमतेम कमरेएवढ्या स्वच्छ पाण्यात सोडला आणि तो सुरेख फडफडत खाली गेला. त्यांनी भुवया उंचावल्या. मीही मनातल्या मनात माझ्या मसुद्याकडे परतले होते. त्यांनी दोरा गुंडाळला, तोच नग एका खोडाशी टाकला, तिथे काही मिनिटे खालीवर केला आणि पुन्हा नावेजवळ आणून सोडला. या वेळी नांग्या अंगाशी मिटलेल्याच राहिल्या आणि आमिष काडीसारखे सरळ तळाला गेले.

आम्ही दोघे वाकून पाण्यात बघत राहिलो. मी पिशवीतला दुसरा नवा नग मागून घेतला. तोही प्रथम फडफडला आणि पाच-सहा मिनिटे पाण्यात राहिल्यावर मिटला. जुना नग तितकाच वेळ पाण्यात ठेवला, पण तो फडफडतच राहिला. मग मी बाही वर करून हात पाण्यात घातला आणि पाण्याखालीच दोन्हींच्या नांगीचा सांधा चिमटीत धरला. जुना चिमटीत वाकत होता. नवा वाकत होता, पण हट्टाने.

त्या क्षणी मला पुण्यातल्या भाड्याच्या खोलीतल्या फडताळाची आठवण झाली. मे महिन्यात खोबरेल तेल आणि शेंगदाण्याचे तेल शेजारी ठेवले तर दोन्ही सारखीच वाहतात आणि फक्त तेव्हाच पाहणारा माणूस त्यांना एकाच स्वभावाची म्हणेल. डिसेंबरच्या सकाळी मात्र एक बाटलीत थिजलेले असते आणि दुसरे ओतता येते. आमचे प्लास्टिक थिजत नव्हते, केवळ ताठर होत होते, परंतु चूक तीच होती. मी दोन्ही आमिषे जणू मे महिन्यात तपासली होती. आमची प्रयोगशाळा वर्षभर २३ अंशांवर राखलेली असते, कारण मऊपणा मोजण्याचे प्रमाणित तापमान ते आहे, आणि टाकीतले पाणीही त्याच खोलीतले होते.

त्यानंतर एका मोठ्या खोडाशी जुन्या नांग्यांच्या आमिषावर २१ इंचांची मादी लागली. लेक फोर्कवर १६ ते २४ इंचांमधला बास ठेवता येत नाही, तो लगेच सोडावा लागतो. गाइडांनी तिला पाण्याबाहेर क्षणभरच धरले आणि सोडून दिले. दिवसभरात आम्हाला मिळून सात मासे लागले. कोणत्या आमिषाला किती, हा हिशेब मी वहीत लिहिला, पण पुरावा म्हणून तो कधीच वापरला नाही. सात माशांवरून आमिषाचा निवाडा करणे म्हणजे नाणे सातदा उडवून त्याला खोटे ठरवणे होय. पाण्याखालच्या कॅमेऱ्याने घेतलेले नांग्यांचे चित्रण मात्र मी जपून आणले.

दुसऱ्या दिवशी टाकीत बर्फ टाकून पाणी ११ अंशांवर आणले आणि प्रत्येक नग त्यात दहा मिनिटे ठेवून मगच ओढला. जुन्या नगाच्या नांग्या मंद वेगातही उघडत होत्या. नव्या नगाला स्पष्टपणे अधिक वेग लागत होता, आणि खोडाशेजारी आपल्या वजनाने खाली जाणाऱ्या आमिषाला तेवढा वेग मिळत नाही. चपट्या आमिषात दोष का दिसला नाही, हेही आता उघड होते: त्याला वाकणारा पातळ सांधाच नव्हता. तीन आकारांपैकी एकाच आकाराची तक्रार आली होती, यातच अर्धे उत्तर होते आणि ते पहिल्या दिवशी माझ्या टेबलावर पडलेले होते.

उरलेले अर्धे उत्तर कागदपत्रांत सापडले. आमच्या प्लास्टिसोलमध्ये दोन प्लास्टिसायझरचे मिश्रण असे. त्यातला अॅडिपेट वर्गातला द्रव थंडीतही प्लास्टिकची लवचीकता टिकवतो, म्हणूनच तो या धंद्यात मोलाचा आहे. पुरवठादाराने हिवाळ्यात त्याचे प्रमाण कमी करून दुसऱ्याचे वाढवले होते, तसे रीतसर कळवले होते, आणि ‘गुणधर्मांत फरक नाही’ या शेऱ्याखाली सही माझी होती. २३ अंशांवर तो शेरा खरा होता. मी सर्व चित्रण आणि तो कागद मालकांसमोर ठेवला आणि न विकलेला माल थांबवावा, असे सुचवले. त्यांनी तो थांबवला आणि दुकानांतला माल बदलून दिला. जो आधीच लोकांच्या पेट्यांत गेला होता, त्याचे काही करता आले नाही, आणि त्याचे मला आजही वाईट वाटते. कोणीतरी थंडीत सुट्टी काढून, नाव भाड्याने घेऊन, ते मिटलेले आमिष दिवसभर खोडांशी सोडत बसले असेल.

जुने प्रमाण परत आणणे सोपे होते. पण एकदा हे पाहिल्यावर मला सांध्याचा पापुद्राही थोडा पातळ करावासा वाटला, आणि तिथे दुसरी अडचण उभी राहिली: पापुद्रा जितका पातळ, तितक्या लवकर छोटे मासे नांगी तोडून नेतात. तीन साचे कापून पाहिल्यावर मधला ठेवला. मिठाचे प्रमाणही किंचित कमी केले, कारण मिठाचे कण पातळ भागात आले की फाटण्याची सुरुवात तिथूनच होते. शिवाय २३ अंशांच्या तपासणीबरोबर १० अंशांची तपासणी आमच्या नोंदवहीत कायमची आली. कडक थंडीच्या लाटेत कोणते आमिष घ्यावे असे दुकानदार विचारतात, तेव्हा मी अजूनही चपटे घ्या असेच सांगते, कारण ते तापमानावर सर्वांत कमी अवलंबून आहे. पाणी १५ अंशांच्या पुढे गेले की नांग्यांचे घ्या.

नव्या साच्यातली पहिली पिशवी मी स्वतः लेक फोर्कला घेऊन गेले. गाइडांनी ती उघडली नाही. नावेच्या मागच्या भागात त्यांनी शीतपेये ठेवलेला बर्फाचा डबा होता. त्यांनी त्यात अख्खी पिशवी खोचली, घड्याळ पाहिले आणि मला कॉफी ओतून दिली.