वरचा मजला धुतला, अनारसा फुगला नाही

शेवटी पिंजऱ्याचा वरचा मजला धुऊन झाला आणि अनारसा, माझ्या दोन पाळीव नर उंदरांतला तापट, फुगला नाही. अंगावरचे केस उभे नाहीत, तिरकं चालून येणं नाही, ब्रशवर झडप नाही. नाराजी होती, सगळा वेळ टांगलेल्या कापडी झोळीच्या काठावर हनुवटी टेकवून माझ्या हाताकडे बघत बसला होता. पण बोटं शाबूत राहिली, आणि रात्री झोपेपर्यंत पिंजऱ्यातून ताज्या मुताचा भपकारा आला नाही. माझ्या लेखी ही दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा मोठी.

चिरोट्याबद्दल नेहमीप्रमाणे लिहिण्यासारखं काही नाही. साफसफाई सुरू झाली की तो सुपलीत येऊन बसतो आणि भुशाबरोबर स्वतःलाही उचलून घ्यायला लावतो. दोघं एकाच वेताचे, एकत्र वाढलेले, पण जागेवरून भांडायचा मक्ता फक्त अनारशाकडे. पिंजऱ्याबाहेर तोच अनारसा माझ्या बाहीत शिरून दात एकमेकांवर घासत झोपतो, डोळे बाहेर-आत उड्या मारत असतात, ही उंदरांची खुशीची खूण. म्हणजे राग माझ्यावर नाही, आत येणाऱ्या हातावर आहे. डॉक्टरांनीही हेच विचारलं होतं: बाहेर असताना चावतो का, भावाला फोडून काढतो का? दोन्हीचं उत्तर नाही आलं, म्हणून खच्चीकरणाचा विषय तूर्त बाजूला. वय तसं अडनिडंच आहे, सहा महिन्यांच्या पुढे नरांचे हार्मोन जोरात असतात, त्यामुळे तो पर्याय मी पुसून टाकलेला नाही.

खरी गोची वरच्या मजल्याची. झोळी तिथे, गोळा केलेल्या चिंध्या तिथे, लपवलेले शेंगदाणे तिथे, आणि झोळीतूनच मुतायची सवय असल्यामुळे खालच्या जाळीवर पांढरा थरही तिथेच. जिथे सगळ्यात जास्त घाण, तेच त्याचं घर. खालचा ट्रे वाटेल तेव्हा काढा, त्याला सोयरसुतक नाही. वर बोट गेलं की दंगा.

सोडून द्यावं तर तेही जमत नाही. मुतातल्या युरियाचं जिवाणू अमोनिया करतात, आणि या पावसात सगळं ओलसर राहत असल्यामुळे ते काम जोरात चालतं. आपण पाळलेल्या बहुतेक उंदरांच्या अंगात मायकोप्लाझ्मा, म्हणजे श्वसनाचा आजार करणारा जिवाणू, असतोच. अमोनियाने नाक-फुप्फुसं हुळहुळी झाली की तो डोकं वर काढतो. मध्यंतरी चिरोट्याच्या नाकाशी तो लालसर पॉर्फिरिन (आजारी किंवा ताणातल्या उंदराच्या डोळ्या-नाकातून येणारा स्राव) दिसायला लागला तेव्हा आईनेच आधी पाहिलं. "अगं, त्याच्या नाकातून रक्त येतंय का बघ गं." रक्त नव्हतं, पण इशारा होताच.

मग मी नेटाने धुवायला लागले, आणि तिथून तो छळ सुरू झाला. सगळं लख्ख केलं की अनारसा आत शिरून पंधरा मिनिटांत प्रत्येक कडा, प्रत्येक फळी, चिरोट्याची पाठसुद्धा मुताने सारवून काढायचा. दुसऱ्या दिवशी वास धुण्याच्या आधीपेक्षा उग्र. मग मी परत धुणार, तो परत सारवणार. उंदराच्या मुतात गंध धरून ठेवणारी प्रथिनं असतात, नरांच्यात जास्त. त्याच्या दृष्टीने ती घराच्या दारावरची पाटी आहे. मी पाटी पुसत होते, तो नवी लावत होता.

यावर 'अर्धं-अर्धं धुवा, एक झोळी मळकी ठेवा' हा सल्ला आपल्या उंदीर पाळणाऱ्यांत सगळेच देतात आणि तो बरोबर आहे. खालचा ट्रे एका दिवशी, वरचा मजला तीन-चार दिवसांनी; जुन्या भुशाची मूठभर नव्यात मिसळायची. सारवासारव निम्म्याने कमी झाली. पण वर हात घातला की फुगणं तसंच. जाड हातमोजे घातले, तर त्याने मोजाच ओढून झोळीत नेला. बाथरूममध्ये सोडून पाहिलं, तर दाराच्या फटीला नाक लावून बसला आणि परत आल्यावर दुप्पट सारवण.

शेवटी तीन गोष्टी बदलल्या. त्यातली नेमकी कुठली लागू पडली हे सांगायला एकेक वेगळी करून बघावी लागेल, आणि तेवढी माझ्या बोटांची तयारी नाही.

पहिली, दार. आमच्या पिंजऱ्याला छताचं झाकण आहे आणि समोर छोटं दार. सोयीचं म्हणून मी वरूनच हात घालायचे. वरून खाली येणारी कुठलीही वस्तू उंदराला शिकारी वाटते, हे पिल्लांना हाताळताना आपण सगळे पाळतो आणि मोठे झाले की विसरतो. आता समोरचं दार, हात खालून, आधी रिकामी मूठ वास घ्यायला.

दुसरी, तारेची घासणी हद्दपार. उंदराला आपल्या पुष्कळ वरचं ऐकू येतं. त्यांची घाबरल्याची हाक बावीस किलोहर्ट्झच्या आसपास असते, म्हणजे आपल्या कानांच्या पलीकडे. धातूवर धातू घासला की तसाच कानापलीकडचा कर्कश आवाज निघतो. मला नुसतं खसखस ऐकू येत होतं, त्याच्या कानात काय होत असेल कोण जाणे. आता अर्धं व्हिनेगर अर्धं पाणी, त्यात भिजवलेलं फडकं थरावर पंधरा मिनिटं ठेवायचं, मग जुन्या एटीएम कार्डाने खरवडायचं. थर पापड सुटावा तसा सुटतो. हे सुख अनुभवल्याशिवाय कळणार नाही. व्हिनेगरबरोबर ब्लीच कधीही वापरायचं नाही, विषारी वायू होतो. आणि आत हात घालण्याआधी हात साध्या पाण्याने धुवायचा, नाहीतर आंबट वासाचं बोट म्हणजे परकं बोट.

तिसरी, बिऱ्हाड हलवणं. आधी झोळी अख्खी, चिंध्या आणि शेंगदाण्यांसकट, क्लिपा काढून खालच्या मजल्यावर टांगायची. अनारसा आत असला तर आतच. मग वरचा मजला मोकळा होतो आणि त्याला राखायला वर काही उरतच नाही. परवा हेच केलं. आईने चमच्यात मुगाच्या डाळीची मऊ खिचडी धरली होती. "खा रे बाबा, तुझं घर कोणी नेत नाही," असं म्हणत अर्धी वाटी भरवली. एरवी तिचं म्हणणं असतं की उंदीर गणपतीसमोर असावा, दिवाणखान्यात नाही.

भुशाबद्दल थोडं. शहरातल्या एका दुकानात पिशवीवर नुसतं 'नैसर्गिक' लिहिलेला सुगंधी भुसा दिला गेला. घरी उघडला तर देवदाराचा घमघमाट. देवदार म्हणजे सीडरच. त्यातली वासाची द्रव्यं उंदरांच्या श्वासाला आणि यकृताला बाधतात. वास छान येतोय म्हणजे घेऊ नका, इतका सरळ हिशेब. सुताराकडचा फुकटचा भुसाही नको, त्यात प्लायचा डिंक असतो आणि धूळ तर असतेच. मक्याच्या कणसाचं बेडिंग पावसाळ्यात बुरशी धरतं. सध्या कागदी गोळ्या आणि वर फाडलेले अंड्यांचे ट्रे. महाग पडतं, पण शिंका थांबल्या. खालच्या मजल्याला मात्र बोहरी आळीतून आणलेला मिठाईवाल्यांचा स्टीलचा ट्रे बसवलाय. आजवरची सगळ्यात शहाणी खरेदी. प्लॅस्टिक मूत पितं, स्टील पीत नाही. कोपऱ्यात मुताचा दगड ठेवलाय, दोघंही त्यावर चढून इमानेइतबारे काम उरकतात.

अडचण उरली झोळ्या वाळायची. या हवेत झोळ्यांचं फ्लीसचं कापड दोन-दोन दिवस दमट राहतं आणि कुबट वास मारतं. पंख्याखाली टांगते, पण जोड्या कमी पडतात. फॅब्रिक कंडिशनर घातलेली झोळी अनारशाने कुरतडून खाली टाकली होती, त्यामुळे ते बाद.

पुढचा बेत कुंभारवाड्यातून दोन मडकी आणायचा होता: आडवी ठेवायची, एक आत, एक धुवायला. पण हे लिहितानाच लक्षात येतंय की बिनझिलईचं मडकं मूत शोषणार, आणि उन्हाशिवाय ते वाळणार कसं? त्यापेक्षा लोणच्याची चिनीमातीची बरणी आडवी ठेवली तर? आतून झिलई, म्हणजे फडकं फिरवलं की साफ, आणि उन्हाळ्यात थंडही. वास हवा तो आतल्या चिंधीत राहील: भिंती धुवायच्या, चिंधी बदलायची नाही. दोन कामं वेगळी होतात, जी झोळीत कधीच होत नव्हती. घरंगळू नये म्हणून खाली विटांचे तुकडे लागतील. एवढं वजन जाळीच्या वरच्या मजल्याला पेलणार नाही, म्हणजे बरणी खाली आणि मुताचा दगड दुसऱ्या कोपऱ्यात. म्हणजे ट्रेची मांडणीही बदलणार. झोळी वर राहू दे, पण लहान.

तोंड मात्र रुंद हवं. नर भरला की चांगलाच गलेलठ्ठ होतो आणि अरुंद तोंडात अडकला तर पंचाईत. माझी मूठ सहज आत-बाहेर झाली पाहिजे, हे माप धरलंय. शनिवारी तुळशीबाग आणि मग बोहरी आळी असा फेरा मारणार आहे. निमुळत्या गळ्याची नाही, सरळ गळ्याची जुनी बरणी कोणाला कुठे दिसली असेल तर त्याआधी सांगा.