तपासणी चुकली, तर त्याच दिवशी सांगा

अमली पदार्थांच्या प्रकरणात बंधपत्रावर, म्हणजे शिक्षेऐवजी अटी पाळण्याच्या लेखी हमीवर, सुटलेल्या मुलाची लघवीची तपासणी चुकली, की घरातल्या सगळ्यांचा पहिला कल ती गोष्ट दडवण्याकडे असतो. माझ्या भाच्यासाठी मी ठाण्याच्या न्यायालयात जामीनदार म्हणून सही केली आहे, आणि मागच्या पावसाळ्यात त्याची तपासणी चुकली तेव्हा हे मी अगदी जवळून पाहिले. तुर्भ्याच्या गोदामातली रात्रपाळी लांबली, नमुना देण्याची वेळ टळली, आणि तो फोन बंद करून घरी पडून राहिला. संध्याकाळी बहिणीने मला बोलावले तेव्हा तो एकच वाक्य बोलत होता, "मामा, आता मला आत टाकणार."

कायद्यात असे सरसकट लिहिलेले नाही. परिविक्षा म्हणजे दोषी ठरलेल्याला तुरुंगाऐवजी देखरेखीखाली सोडणे; 1958 च्या अपराधी परिविक्षा अधिनियमाच्या कलम 9 प्रमाणे अट मोडल्याचे न्यायालयाला कळले, तर ते अपराध्याला वॉरंट किंवा समन्स काढू शकते आणि जामीनदारांनाही समन्स पाठवू शकते. मात्र म्हणणे ऐकून घेतल्यावर मूळ गुन्ह्याची शिक्षा देण्याचा जसा अधिकार आहे, तसाच अट पहिल्यांदाच मोडली असेल तर बंधपत्र कायम ठेवून पन्नास रुपयांपर्यंत दंड करण्याचाही आहे. ही सवलत मोलाची आहे, कारण 1985 च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याचे कलम 33 दोषी ठरलेल्या सज्ञान व्यक्तींना परिविक्षेचा मार्ग बहुतेक गुन्ह्यांत बंदच करते. सेवनाचे कलम 27 हा त्यातला मोजक्या अपवादांपैकी एक.

घात होतो तो गप्प बसल्याने. परिविक्षा अधिकाऱ्याच्या अहवालात नुसते "गैरहजर" असे आले, तर लांबलेली रात्रपाळी आणि पुन्हा सुरू झालेली नशा यांतला फरक न्यायाधीशांना कळणार कसा? त्यातून शरीराचा हिशेब वेगळाच असतो. ब्राउन शुगरचा अंश लघवीत साधारण दोन-तीन दिवस सापडतो, म्हणून दुसऱ्या दिवशी दिलेला नमुना चुकलेल्या दिवसाबद्दलही काही सांगू शकतो. आठवडा उलटल्यावर दिलेला स्वच्छ नमुना त्या दिवसाबद्दल काहीच सिद्ध करत नाही. गांजा नियमित ओढणाऱ्याच्या लघवीत तो काही आठवडेही दिसू शकतो. भरपूर पाणी पिऊन नमुना द्यावा, असा सल्ला मित्र देतात, तो मुळीच ऐकू नये, कारण क्रिएटिनिन हा लघवीतला नैसर्गिक घटक कमी आला की नमुना पातळ असल्याचे प्रयोगशाळेला कळते आणि संशय उलट वाढतो. कोडीन हे अफूच्या कुळातले द्रव्य असलेले खोकल्याचे औषध चालू असेल, तर तेही तपासणीत दिसू शकते, म्हणून डॉक्टरांची चिठ्ठी आधीच दाखवावी.

आम्ही त्याच संध्याकाळी परिविक्षा अधिकारी मॅडमना फोन केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचे पत्र घेऊन रुग्णालयात नमुना दिला. गोदामाच्या पर्यवेक्षकाकडून पाळीच्या नोंदीचे पत्र आणले, ते जोडून वकिलांमार्फत अर्ज केला आणि आमच्या प्रतीवर आवक शिक्का घेतला. तोंडी सांगितलेले पुढच्या तारखेला कोणाच्याच लक्षात नसते. ओळखीच्या डॉक्टरकडून आजारपणाचा खोटा दाखला आणण्याचा विचार एका नातेवाइकाने मांडला होता, त्याला बहिणीने ठाम नकार दिला, कारण खोटा दाखला न्यायालयात देणे हा वेगळा गुन्हा आहे. न्यायालयाने बंधपत्र कायम ठेवले. पुढे मॅडमनी स्वतः कलम 8 खाली अर्ज करून तपासणीची वेळ दुपारची करून घेतली. नोकरी आणि अट यांची वेळ जुळत नसेल, तर हा बदल चूक होण्याआधीच मागावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

आणि तपासणी नशेमुळेच चुकली असेल तर? तेही आधी वकिलाला सांगावे आणि त्याच आठवड्यात उपचार सुरू करावेत. उपचारांची नोंद घेऊन आलेला माणूस आणि पोलिसांनी शोधून आणलेला माणूस, यांच्याकडे न्यायालय एकाच नजरेने पाहत नाही. व्यसनमुक्तीसाठी 14446 ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. वकिलाची फी परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा किंवा 15100 वर फोन करावा, आणि तिथे जाताना बंधपत्राची प्रत सोबत न्यावी, कारण नेमक्या अटी कोणत्या आहेत हा त्यांचा पहिला प्रश्न असतो.