दोघंही ‘तो’ असतात तेव्हा

आजचा दिवस दोन पुरुषांच्या प्रेमाच्या कादंबऱ्या वाचून गुण देण्यात गेला. बहुतेक हस्तलिखितं पहिल्या वीस पानांतच अडखळतात, तीही सर्वनामांपाशी. ‘त्याने त्याचा हात धरला आणि तो रडला.’ कोण रडला? तो-ती असती तर क्रियापदानेच सांगितलं असतं. मग लेखक ‘उंच तरुण’, ‘सावळा मुलगा’ असं पेरत जातो, आणि ज्याच्यावर जीव जडलाय तोच परका वाटायला लागतो. सरळ नाव घ्या. सारखं आलं तरी खटकत नाही. स्वतःचा हात असेल तिथे ‘आपला’ लिहिलं की अर्धा गोंधळ मिटतो.

संवादाच्या बाबतीत आपलं कोल्हापूर श्रीमंत आहे. इथे जो तो ‘भावा’. रंकाळ्यावर भेळ खाताना एकजण ‘भावा’ गाळून नुसतं नाव घेतो, दुसऱ्याचा घास हातातच राहतो. कबुलीचं अख्खं प्रकरण त्यात मावतं.

सालं मात्र तपासाच. जुलै २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना दिलेली मोकळीक डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काढून घेतली. ६ सप्टेंबर २०१८ ला सज्ञानांचे संमतीचे संबंध, त्यांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ मधून सुटले. २०१५ मधल्या जोडीला लॉजवर खोली सहज मिळेल, दोन मित्रांवर कोण संशय घेतो? पण कुणी फोटो काढून पैसे मागितले तर पोलिसांत जायची चोरी. ती भीती पानावर नसेल तर मी गुण कापतो.

शेवटी एकाला अपघातात मारणारी कादंबरी चांगली असेलही, पण प्रणयकथांच्या गठ्ठ्यातून मी ती बाजूला काढतो. दोघं एकत्र राहतील या भरवशावरच वाचकाने ती हातात घेतलेली असते.